रस्ता नेमका कुणी अडवला आहे?

पुण्यात आमच्या भागातल्या नागरिकांच्या बैठकीत परवा पुन्हा तोच विषय निघाला. सकाळी साडेनऊला चौकातून बाहेर पडायला वीस-वीस मिनिटं लागतात, करायचं काय? रस्ता रुंद करा, उड्डाणपूल मागा, सिग्नलची वेळ बदलून घ्या, अशा सूचना येत होत्या. मग एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "तो सायकल ट्रॅक आधी उखडून टाका. सायकल तर कुणी चालवत नाही, नुसती जागा अडून बसली आहे. तेवढी एक लेन तरी मोकळी होईल." टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांचं वाईट वाटलं, कारण खोलीतली बहुतेक माणसं माझ्या ओळखीची, विचार करणारी आणि कोंडीनं खरोखर गांजलेली आहेत. त्यांचा त्रास खरा आहे. पण हे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं झालं.

दुसऱ्या दिवशी मी सायकल घरी ठेवली आणि तो ट्रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी चालून पाहिला. सुरुवातीलाच दोन बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवायला रोवलेले बुटके खांब, इतके जवळ की मधून हँडल जात नाही. त्यापुढे विजेचा डीपी, मग एका गुलमोहराचा बुंधा आणि त्याच्या मुळांनी उचकटलेले पेव्हर ब्लॉक. बसथांब्याचे खांब ट्रॅकच्या मधोमध रोवलेले, त्यामुळे बसची वाट पाहणारी माणसं ट्रॅकवरच उभी. त्यांनी तरी जायचं कुठं? दुकानांची रांग लागली तिथं दुचाक्या तिरक्या लावलेल्या. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी ट्रॅक अर्धा फूट खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो, म्हणजे शंभर मीटरमध्ये चार वेळा कंबरेला हिसका. आणि चौक तीस-चाळीस पावलांवर राहिला की ट्रॅक संपतो. सायकलस्वाराला सगळ्यात जास्त भीती असते ती चौकात. डावीकडे वळणारी बस त्याला तिथंच दाबते. नेमका तिथं ट्रॅक नाही.

त्या टाळ्यांमध्ये एक गोष्ट निसटून गेली होती. हा ट्रॅक गाड्यांच्या रस्त्यावर नाहीच, तो फुटपाथवर आहे. दुभाजकापासून कडेच्या दगडापर्यंतची डांबरी रुंदी ट्रॅक होण्याआधी जेवढी होती तेवढीच आजही आहे. पुण्यातले बहुतेक सायकल ट्रॅक असेच झाले: पादचाऱ्याच्या वाट्याची पट्टी कापली, तिला लाल रंग दिला, पांढरी सायकल काढली. गाड्यांकडून कधी काही घेतलंच नाही. मग ट्रॅक उखडून गाड्यांना परत मिळणार काय? आणखी दोन हात फुटपाथ, म्हणजे चार दिवसांत आणखी दोन हात पार्किंग. सायकल ट्रॅकवर माझाही राग आहे, पण तो पादचाऱ्यांच्या बाजूनं आहे. ज्याच्याकडे आधीच सगळ्यात कमी जागा होती त्याच्याकडून घेऊन दुसऱ्या दुबळ्याला दिली, आणि ती त्यालाही वापरता येत नाही.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कारखाना सुटला की फाटकातून सायकलींचा जो लोंढा बाहेर पडायचा तो मी लहानपणी पाहिला आहे. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, आणि ते कौतुकाचं विशेषण नव्हतं, साधं वर्णन होतं. तासाच्या भाड्यानं सायकल देणारी दुकानं गल्लोगल्ली होती. सायकलला कर होता, त्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस अडवत. आज हे आठवून लोक हसतात, पण त्या दंडाचा अर्थ असा होता की रस्त्यावरचं मुख्य वाहन सायकल आहे हे पोलिसांपासून पालिकेपर्यंत सगळ्यांना मान्य होतं. नियम तिच्यासाठी होते. पेठांमधून शाळेत जाणाऱ्या आम्ही मुली चौघी-पाचजणी शेजारी-शेजारी गप्पा मारत सायकल चालवायचो आणि मागून कुणी हॉर्न वाजवायचं नाही.

ते पुणे परत येणार नाही, हे मला माहीत आहे. १९९७ मध्ये तेवीस गावं पालिकेत आली, २०१७ मध्ये अकरा, २०२१ मध्ये आणखी तेवीस, आणि शहराची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. घर धायरीला आणि नोकरी हिंजवडीला अशी हजारो माणसं आहेत. त्यांना कुणी सायकलवर बसा म्हणणार नाही, मी तर नाहीच. पण सायकल गेली ती फक्त अंतरं वाढली म्हणून, हे खरं नाही. ती हाकलली गेली. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी झाले तेव्हा गाड्यांचा वेग वाढला, आणि सायकलवाल्याला मात्र समोर दिसणाऱ्या दुकानात जायला मोठा वळसा आला. आज उलट्या दिशेनं येणारा सायकलवाला दिसला की आपण त्याला शिस्त नाही म्हणतो. ज्याचं इंजिन म्हणजे त्याचे पाय, त्याला जास्तीचा प्रत्येक किलोमीटर घामानं मोजावा लागतो. एकेरी रस्त्याचा हिशेब करताना तो कागदावर नव्हताच.

मग आली योजनांची वर्षं. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज, स्वारगेट, हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतून जाणारी बस, धावली आणि तिच्या कडेनं सायकल ट्रॅकही आखले गेले. त्याच वर्षी केंद्राचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं होतं. त्याचं सूत्र होतं की रस्त्याची जागा वाहनांना नाही, माणसांना वाटायची. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्यसभेनं सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या. मोबाइलवर कुलूप उघडायचं, हवी तिथं सोडायची. विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये तरुण मुलामुलींनी त्या पहिल्या काही महिन्यांत किती हौसेनं चालवल्या ते मी पाहिलं आहे. दीड-दोन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. काही मोडल्या, काही पळवल्या गेल्या, कंपन्यांनी गाशा गुंडाळला. सायकली आणल्या होत्या पण त्या चालवायला सलग रस्ता आणला नव्हता. मार्च २०१८ मध्ये मुख्यसभेनं रस्त्यावर गाडी उभी करायचे पैसे घेणारं पार्किंग धोरण मंजूर केलं, त्यातही सुरुवातीला फक्त पाच रस्ते घ्यायचे ठरले, आणि ते कागदावरच राहिलं.

या दोन मंजुऱ्यांची एकत्र आठवण ठेवायला हवी असं मला वाटतं. सायकल आराखड्याला जी जागा लागणार होती ती पार्किंग धोरणातून मोकळी व्हायची होती. एक पाय बांधून ठेवला, मग दुसरा चालत नाही अशी तक्रार केली.

"ट्रॅक रिकामे असतात" हे वाक्य ऐकलं की मला आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळा आठवतात. आधी शिक्षक द्यायचे नाहीत, छत गळू द्यायचं, रस्ता करायचा नाही. मुलं कमी झाली की पटसंख्या नाही म्हणून शाळा बंद करायची. मुलांना शाळा नको होती असा त्यातून निष्कर्ष काढणारा माणूस आपल्याला चीड आणतो. सायकलच्या बाबतीत आपण तोच निष्कर्ष बिनदिक्कत काढतो. शहर-वाहतुकीवर काम करणाऱ्या 'परिसर'सारख्या संस्था कितीतरी वर्षं ओरडून सांगत आल्या आहेत की ट्रॅकची लांबी मोजू नका, सलगता मोजा. दहा किलोमीटरच्या ट्रॅकमध्ये जर वीस ठिकाणी खाली उतरून सायकल उचलावी लागत असेल, तर तो दहा किलोमीटरचा ट्रॅक नाही.

आता कोंडीकडे वळू. २०१८ च्या सुमारास पुण्यातल्या नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येच्या पुढे गेली: पस्तीस लाख माणसं आणि छत्तीस लाखांवर वाहनं. टॉमटॉम या नकाशे आणि वाहतुकीची माहिती पुरवणाऱ्या कंपनीच्या २०२४ च्या जागतिक निर्देशांकात पुणे हे जगातलं चौथं सगळ्यात संथ शहर ठरलं. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे ताशी जेमतेम अठरा किलोमीटर. मी पंचावन्नाव्या वर्षी गिअर नसलेल्या सायकलवर ताशी तेरा-चौदानं जाते. लाखो रुपयांची गाडी, पेट्रोल, विमा, ड्रायव्हरचं डोकं उठणं, आणि मिळालेला फायदा ताशी चार किलोमीटरचा.

हे कशामुळे होतं? रस्ता ही रुंदी ठरलेली वस्तू आहे आणि तिच्यावर कोण किती जागा घेतं हे साधं गणित आहे. अमेरिकेतल्या शहर-वाहतूक अधिकाऱ्यांच्या नॅक्टो या संघटनेनं रस्ता आखणाऱ्यांसाठी केलेल्या मार्गदर्शिकेत साधारण तीन मीटर रुंद पट्टीचा हिशेब दिला आहे. खासगी गाड्यांसाठी ठेवली तर त्या पट्टीतून तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात. स्वतंत्र बसमार्ग केला तर ४,००० ते ८,०००. सुरक्षित सायकल मार्गातून ७,५००. नुसता चांगला फुटपाथ केला तर ९,०००. आपल्याकडे दुचाक्या जास्त आहेत, त्यामुळे पहिला आकडा थोडा वर सरकेल. पण क्रम बदलणार नाही. कोंडी कमी करायची असेल आणि रस्ता वाढत नसेल, तर तीच पट्टी अधिक माणसं नेईल अशा कामाला लावणं यापलीकडे मार्ग नाही. ट्रॅक काढून गाड्यांना द्या ही मागणी उलट्या दिशेची आहे.

आणि ती पट्टी आज गाड्या चालवायला तरी वापरतात का? संध्याकाळी सहाला कर्वे रस्त्यावर किंवा लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून बघा. कडेची एक अख्खी लेन उभ्या वाहनांनी खाल्लेली आहे. त्यांच्या पुढे एक रिक्षा प्रवासी शोधत थांबलेली, टेम्पो माल उतरवतो आहे, कुणीतरी "दोन मिनिटांत आलो" म्हणून ब्लिंकर लावून गेला आहे. एक चारचाकी उभी राहायला दहा-बारा चौरस मीटर जागा घेते. शहरात एवढ्या जागेचं घरभाडं काय पडतं ते प्रत्येकाला माहीत आहे. रस्त्यावर ती फुकट आहे. माझ्या मते पुण्यातल्या कोंडीचं सगळ्यात मोठं, सगळ्यात कमी बोललं जाणारं कारण हे आहे. आपण सार्वजनिक रस्ता खासगी वस्तू ठेवायला फुकट दिला आणि त्याची सवय इतकी झाली की ती उभी गाडी आता डोळ्यांना दिसेनाशी झाली. सायकल ट्रॅक दिसतो, कारण तो लाल आहे.

रस्ते वाढवून कोंडी जाते हा समज पुण्यात तपासून झाला आहे. विद्यापीठ चौकातल्या कोंडीवर उतारा म्हणून उड्डाणपूल बांधले गेले. जेमतेम दीड दशकात, जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीतल्या रिकाम्या रस्त्यावर ते पाडले, कारण मेट्रोसह दुमजली पूल हवा होता आणि जुन्या पुलांनी कोंडी सुटलेलीही नव्हती. डुरांटन आणि टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकी महानगरांच्या वीस वर्षांच्या आकडेवारीवरून २०११ मध्ये दाखवून दिलं की रस्त्यांची लांबी जितक्या प्रमाणात वाढते, साधारण तितक्याच प्रमाणात गाड्यांचं धावणंही वाढतं. ज्यांनी आधी प्रवास टाळला होता, वेळ बदलली होती, बस धरली होती, ते सगळे नव्या रस्त्यावर येतात. आता लॉ कॉलेज रस्त्याची कोंडी फोडण्यासाठी बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीतून न्यायचा म्हणतात. टेकडी एकदा गेली की परत बांधता येत नाही. कोंडी तर नव्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना पुन्हा तयार होईल.

बीआरटीचं उदाहरणही ताजं आहे. नगर रस्त्यावरची बीआरटी कोंडी करते असा ओरडा झाला आणि ती काढली. त्यानंतर नगर रस्त्यावरून रोज जाणाऱ्या कुणालाही विचारा, संध्याकाळी वाघोलीला पोचायला किती वेळ लागतो. बसला मात्र आता गाड्यांच्या मागेच उभं राहावं लागतं, आणि बसमधली पन्नास माणसं एकेका माणसाच्या गाडीमागे ताटकळतात.

विरोध करणाऱ्यांचे काही मुद्दे मला पटतात, काही पटत नाहीत. ऊन आणि पाऊस हा मुद्दा पहिला येतो. पुण्याच्या एप्रिलमध्ये दुपारी सायकल चालवणं नकोसं होतं, खरं आहे. पण स्पेनमधलं सेविया हे शहर उन्हाळ्यात चाळिशीपार जातं. २००६ पर्यंत तिथंही सायकल जवळपास कुणी चालवत नव्हतं. शहरानं एकेका रस्त्याचे तुकडे न करता पहिल्याच टप्प्यात सुमारे ऐंशी किलोमीटरचं सलग जाळं बांधलं, कठड्यानं वेगळं केलेलं, आणि जागा घेतली ती मुख्यतः पार्किंगची. चार-पाच वर्षांत रोजच्या सायकली सहा हजारांवरून सत्तर हजारांच्या पुढे गेल्या. ऊन तेच होतं. पॅरिसमध्येही सायकलींनी मोटारींना मागे टाकलं आहे: २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शहरातल्या फेऱ्यांपैकी ११.२ टक्के सायकलवर आणि ४.३ टक्के मोटारीनं होत असल्याचं दिसलं. आपल्याला पॅरिस व्हायचं नाही. पण "लोकांची सवय बदलत नाही" हे वाक्य तरी यापुढे कुणी उच्चारू नये.

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो: सायकल हा श्रीमंतांचा छंद आहे. हेल्मेट, घट्ट कपडे आणि पन्नास हजारांची सायकल घेऊन रविवारी पहाटे सिंहगडाकडे जाणारे लोक दिसतात, म्हणून असं वाटतं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण २०११ च्या जनगणनेत विचारलं गेलं होतं की कामाला कसे जाता, आणि शेती व घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांपैकी देशभरात सुमारे १३ टक्के लोकांचं उत्तर सायकल असं होतं. मोटारीनं जाणारे त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी होते. हे लोक म्हणजे आपल्या सोसायटीचा वॉचमन, बांधकामावरचा गवंडी, हॉटेलातला वाढपी, सकाळी पेपर आणि दूध टाकणारा मुलगा. त्यांची सायकल काळी, मागे कॅरियरला डबा बांधलेला, दिवा बहुधा नाही. ते पहाटे निघतात, रात्री परततात. साडेनऊच्या कोंडीत अडकलेल्या माणसाला ते दिसत नाहीत, म्हणून तो म्हणतो की सायकल कुणी चालवत नाही.

आपल्या नियोजकांनाही ते दिसले नाहीत, हा माझा जुना सल आहे. मुंबईत पवई तलावाच्या काठानं सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवून काढायला लावला. निकाल योग्यच होता. तलावाच्या पाणथळीत भराव टाकून केलेला ट्रॅक कामाला जाणाऱ्या माणसासाठी नसतो, तो संध्याकाळच्या फेरफटक्यासाठी असतो. वांद्रे-कुर्ला संकुलात ट्रॅक केले, ते कुर्ल्याच्या आणि वांद्र्याच्या स्थानकांपासून नीट जोडले नाहीत, म्हणून ओस पडले, आणि आता तेच गाड्यांच्या लेनसाठी काढायचं ठरलं. ज्या सायकलवाल्याला रोज गरज आहे त्याला विचारून आखलेला ट्रॅक मी माझ्या आयुष्यात पाहिलेला नाही.

आणि मुलं. ग्रामीण भागात आपलं राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली देतं. ही फार चांगली योजना आहे. सायकल मिळाली म्हणून शाळा न सुटलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पण हेच राज्य शहरातल्या मुलीला घरापासून दोन किलोमीटरवरच्या शाळेत सायकलनं जाण्याजोगा रस्ता देत नाही. माझ्या लेकीला मी सायकल घेऊन दिली आणि शाळेत मात्र कधी नेऊ दिली नाही. ती व्हॅननं गेली. मी स्वतः याच शहरात शाळेत सायकलनं गेले होते, माझ्या आईला कधी भीती वाटली नाही, आणि मला वाटली. सकाळी सातला आणि दुपारी साडेबाराला शाळांसमोर जी तुंबळ कोंडी होते ती माझ्यासारख्या घाबरलेल्या आईबापांच्या स्कूटरींची आणि गाड्यांची असते. ही भीती घालवली तर शाळांभोवतीची ती गर्दी ओसरेल. मुलांना सायकल शिकवायची गरज नाही, त्यांना ती येते.

भीती उगाच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. रस्त्याचा वाद आपण वेळेच्या भाषेत करतो, माझी दहा मिनिटं, तुमची दहा मिनिटं. पण त्या पट्टीवर कुणाचा जीवही अवलंबून असतो.

हे बोलायला मला बळ आलं ते कॅनडातल्या एका निकालानं. ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा केला आणि टोरांटोतल्या ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यू या रस्त्यांवरचे सायकल मार्ग काढायचे ठरवले. कारण तेच, आमच्या बैठकीतलं: कोंडी होते. सायकलवाले कोर्टात गेले. जुलै २०२५ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयानं सांगितलं की हे मार्ग काढल्यानं कोंडी कमी होईल याला पुरावा नाही, उलट माणसांच्या जिवाला आणि सुरक्षिततेला धोका वाढेल, आणि म्हणून ते काढणं हा सायकलवाल्यांच्या घटनादत्त हक्काचा भंग आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही मे २०२५ मध्ये अडथळ्याविना फुटपाथवर चालता येणं हा घटनेच्या कलम २१ खालचा, जगण्याच्या हक्काचा भाग मानला. चालणाऱ्याचा हक्क जर जगण्याचा हक्क असेल, तर त्याच रस्त्याच्या कडेनं पेडल मारत जाणाऱ्याचा वेगळा कसा असेल?

मला प्रत्येक रस्त्यावर ट्रॅक नको आहे. पेठांमधल्या अरुंद रस्त्यांवर तर मुळीच नको. तिथं वेग ताशी वीस-पंचवीसवर आणला, रस्त्यावरचं पार्किंग एका बाजूला ठेवून त्याचे तासाप्रमाणे पैसे घेतले आणि एकेरी रस्त्यावर सायकलला उलट दिशेनं जायची मुभा दिली, तर लाल रंगाचा एक डबाही खर्च न करता तो भाग पुन्हा सायकलचा होईल. मोठ्या रस्त्यांवर मात्र ट्रॅक फुटपाथवरून खाली, डांबरावर आला पाहिजे, उभ्या गाड्यांची लेन घेऊन, मध्ये कठडा घालून. आणि तो चौकात तुटता कामा नये. कामाची सुरुवात चौकापासून करावी असं मी म्हणेन. सगळे पैसे चौकांवर खर्च करा, मधले दोनशे मीटर नंतर बघू. एकाच भागात करा, सगळ्या शहरात तुकडे फेकू नका: कोथरूड, कर्वेनगर आणि एरंडवणे एवढं घ्या, तिथल्या सगळ्या शाळा, मेट्रोची वनाझ ते गरवारे कॉलेजची स्थानकं आणि मंडई एकमेकांना जोडा. मार्च २०२२ मध्ये मेट्रोचा हा पट्टा सुरू झाला, तरी आजही घरातून स्थानकापर्यंतचे दीड-दोन किलोमीटर लोकांना अडचणीचे वाटतात. ते अंतर सायकलचं आहे.

व्यापाऱ्यांचा विरोध होईल. तो मला समजतो, दारातली गाडी गेली की गिऱ्हाईक जाईल असं त्यांना वाटतं. त्यांच्याशी बसून बोललं पाहिजे. माल उतरवायच्या वेळा ठरवून द्याव्या लागतील. ११ डिसेंबरला पादचारी दिनी लक्ष्मी रस्ता एक दिवस गाड्यांना बंद असतो, त्या दिवशी रस्ता ओस पडत नाही. माणसं येतात, मुलं रस्त्याच्या मधोमध पळतात, म्हाताऱ्या बायका कुणाचा हात न धरता चालतात. त्या दिवशीचा गल्ला किती झाला ते व्यापाऱ्यांनीच मोजून जाहीर करावं, आणि मग त्या आकड्यावर आपण बोलू.

पुढच्या बैठकीत मी त्या गृहस्थांना एक विनंती करणार आहे. एक दिवस सकाळी सहाला त्यांनी माझ्याबरोबर राजाराम पुलाच्या तोंडाशी उभं राहावं. त्या वेळी रात्रपाळीचे वॉचमन सिंहगड रस्त्याकडे परतत असतात आणि दिवसपाळीचे शहरात शिरत असतात. गाड्या मोकळ्या रस्त्यानं सत्तर-ऐंशीच्या वेगात जातात, आणि कडेला, उभ्या वाहनांची रांग आणि त्या गाड्या यांच्यामधल्या हातभर पट्टीतून, डबा बांधलेल्या काळ्या सायकली एकामागून एक येत राहतात. त्यातला एक आमच्याच सोसायटीचा आहे. त्याला सगळे ओळखतात, बैठकीच्या खुर्च्या तोच मांडतो. तो कामावर कसा येतो हे त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही.